जोडविमानाचे अक्षय्य तत्त्व

एका विमानातून उतरून त्याच प्रवासाच्या पुढच्या टप्प्यासाठी दुसऱ्या विमानात जाऊन बसणे, या क्रियेला विमानवाहतुकीच्या व्यवहारात 'कनेक्शन' म्हणतात, आणि ज्या दुसऱ्या विमानासाठी हा सारा खटाटोप चालतो त्याला प्रस्तुत विवेचनापुरते 'जोडविमान' असे म्हटले आहे. मोठ्या विमानतळांवर ही क्रिया मुख्यतः पायांनी पार पाडली जाते; सरकते जिने, संपता न संपणाऱ्या मार्गिका, ऐन वेळी बदललेले दरवाज्यांचे क्रमांक आणि मनगटाला धरून ओढत नेलेली मुले हे तिचे परिचित घटक होत. पूर्व कॅरिबियन समुद्रातील छोट्या विमानतळांवर मात्र उतरण्याची जागा आणि चढण्याची जागा यांत फार तर पन्नास पावलांचे अंतर असल्यामुळे पायांना विशेष काम उरत नाही. तेथे ही क्रिया बसून करावयाची असते, आणि ती सिद्धीस जाण्यासाठी प्रवाशाच्या अंगी वेगापेक्षा बैठक असावी लागते.

या क्रियेच्या अभ्यासासाठी सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडिन्स या राष्ट्राइतके सोयीचे क्षेत्र दुसरे सापडणे कठीण आहे. सेंट व्हिन्सेंट हे मुख्य बेट आणि त्याच्या दक्षिणेस पसरलेली ग्रेनेडिन्स नावाची लहान बेटांची माळ मिळून हे राष्ट्र बनले असून बेटे आणि खडक धरून त्यांची संख्या ३२ भरते, तर सर्वांचे एकत्रित क्षेत्रफळ ३८९ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या ६०३ चौरस किलोमीटरपेक्षाही बरेच कमी आहे. एवढ्या भूमीवर आणि सुमारे एक लाख दहा हजार लोकसंख्येसाठी आर्गाइल, बेक्वे, मस्टीक, कॅनोअन आणि युनियन असे पाच विमानतळ आहेत. हेच प्रमाण महाराष्ट्राला लावायचे ठरवल्यास राज्यात पाच हजारांहून अधिक विमानतळ बांधावे लागतील, आणि त्यांच्या नामकरणाचे वाद मिटेपर्यंत एकही विमान उडणार नाही, हा भाग वेगळा. सेंट व्हिन्सेंटने नामकरणाचा प्रश्न सुटसुटीतपणे हाताळला; जुन्या मुख्य विमानतळाला देशाचे पहिले मुख्यमंत्री एबेनेझर जोशुआ यांचे आणि बेक्वेच्या विमानतळाला त्याच बेटावर जन्मलेले माजी पंतप्रधान जेम्स मिचेल यांचे नाव देण्यात आले, आणि सर्वांत मोठ्या नव्या विमानतळाला ज्या गावात तो आहे त्या गावाचेच नाव ठेवण्यात आले.

जोशुआ यांच्या नावाचा तो जुना विमानतळ राजधानी किंग्सटाउनला खेटून आर्नोस व्हेल येथे होता. आर्नोस व्हेल हे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटले तर त्याचे श्रेय विमानांकडे जात नाही. धावपट्टीच्या शेजारीच तेथील प्रसिद्ध क्रिकेट मैदान आहे, आणि १९९७ च्या दौऱ्यात सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ जिंकत आणलेला एकदिवसीय सामना याच मैदानावर १८ धावांनी हरला होता. विमानतळाची धावपट्टी जेमतेम चौदाशे मीटरची, तीन बाजूंना डोंगर आणि चौथीकडे समुद्र, अशी तिची रचना असल्यामुळे मोठी जेट विमाने तेथे उतरू शकत नसत. लंडन, टोरंटो किंवा न्यूयॉर्कहून येणाऱ्या प्रत्येकाला त्यामुळे आधी शेजारच्या एखाद्या देशात, बहुधा बार्बाडोसच्या ग्रँटली अॅडम्स विमानतळावर उतरावे लागे आणि तेथून पंख्याच्या छोट्या विमानाने पुढे जावे लागे. स्वतःच्या देशात पोहोचण्यासाठी दुसऱ्या देशाच्या बाकावर बसण्याची ही व्यवस्था कित्येक दशके चालली, आणि व्हिन्सेंटी माणसाच्या परदेशातून घरी येण्याच्या आठवणींत घरापेक्षा बार्बाडोसच्या त्या बाकाचे वर्णन अधिक तपशीलवार असते ते याच कारणाने.

बार्बाडोसच्या त्या प्रतीक्षेला 'इन-ट्रान्झिट' अशी संज्ञा आहे. इन-ट्रान्झिट असलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने त्या देशात आलेली नसते आणि अनुभवाच्या दृष्टीने तेथून गेलेलीही नसते. अद्वैत वेदान्तातील काही अवघड प्रकरणे समजून घेण्यासाठी या अवस्थेत काढलेला एक दुपारचा प्रहर पुरेसा ठरावा. अशा व्यक्तीचे सामान मात्र वेगळ्या अवस्थेत असते. मोठ्या विमानाने आणलेल्या दोन भरभक्कम बॅगा छोट्या विमानाच्या मालकप्प्यात मावतीलच असे नाही, त्यामुळे प्रवासी आणि सामान यांचे मार्ग येथे फुटतात, आणि त्यांची पुनर्भेट त्याच दिवशी होते की दुसऱ्या, हे त्या दिवशी आणखी कोणकोण काय काय घेऊन निघाले आहे यावर अवलंबून राहते. परदेशातून घरी परतणारा कॅरिबियन माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हा त्या प्रदेशाचा अलिखित नियम असल्याने हे गणित सुटण्याऐवजी डिसेंबरात अधिकच बिघडते.

बेटांना एकमेकांशी जोडण्याचे काम त्या काळात प्रामुख्याने 'लिआट' ही कंपनी करीत असे. 'लीवर्ड आयलंड्स एअर ट्रान्सपोर्ट' या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था फ्रँक डेलिल यांनी १९५६ मध्ये माँटसेरात या बेटावर एका चिमुकल्या विमानानिशी सुरू केली, आणि पुढे १९७४ मध्ये ती अकरा कॅरिबियन सरकारांनी मिळून विकत घेतली. अकरा सरकारांच्या मालकीच्या विमानाने नेमके कोणाच्या सोयीच्या वेळी सुटावे, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे की गणिताचा, याचा निर्णय झाला नाही. लोकांनी मात्र आपल्यापुरता तो करून टाकला आणि त्याच चार आद्याक्षरांचे दोन नवे विस्तार प्रचारात आणले. पहिला 'लीव्ह आयलंड एनी टाइम', म्हणजे बेट वाटेल तेव्हा सोडावे, आणि दुसरा 'लगेज इन अनदर टाउन', म्हणजे सामान भलत्याच गावी. असली थट्टा करणारे लोकच अडीअडचणीला, लग्नाला, मयताला आणि इस्पितळात जाण्यासाठी याच विमानात बसत, आणि २०२० मध्ये साथीच्या काळात ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली तेव्हा हळहळ व्यक्त करण्यातही तेच आघाडीवर होते. आपण ज्याला नावे ठेवतो ते बंद पडले की दुसऱ्या कोणाला ठेवायची, ही हळहळ त्यात कितपत मिसळलेली होती, ते वेगळे काढून दाखवता येत नाही.

लिआटची विमाने एका बेटावरून उडून थेट मुक्कामी न जाता वाटेतील बेटांवर टप्पे घेत जात, आणि टप्पा म्हणजे नुसते थांबणे नव्हे. अनेक ठिकाणी पुढे जाणाऱ्या प्रवाशांनाही खाली उतरून, पट्टे आणि बूट काढून, सुरक्षातपासणीच्या चौकटीतून पुन्हा जावे लागे, आणि ज्या आसनावरून उठले त्याच आसनावर ते अधिक सुरक्षित होऊन परत बसत. २०१३ मध्ये एका प्रवाशाने या कंपनीला लिहिलेले पत्र उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी प्रसृत केल्यामुळे जगभर वाचले गेले. इतर कंपन्या माणसाला घाईघाईने इच्छित स्थळी नेऊन टाकतात, परंतु आपण एकाच दिवसात सहा विमानतळांचे दर्शन घडवले, याबद्दल त्यात मनःपूर्वक आभार मानलेले होते. जोडविमानाच्या वाङ्मयात या पत्राचे स्थान वरचे मानावे लागते, कारण तक्रारीचा एकही शब्द न वापरता केलेली इतकी संपूर्ण तक्रार प्रशासकीय पत्रव्यवहारात क्वचितच आढळते.

बेटांमधील ही उठाबस थांबवण्याचा एक गंभीर प्रयोग २००७ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेच्या निमित्ताने झाला. सेंट व्हिन्सेंटसह दहा देशांनी काही महिन्यांपुरते आपले क्षेत्र 'एकल देशांतर्गत अवकाश' म्हणून घोषित केले, म्हणजे प्रवाशाने पहिल्या देशात पारपत्रावर शिक्का घेतला की पुढच्या नऊ देशांत त्याने पारपत्र काढण्याची गरज नव्हती. प्रेक्षकांनी आपल्या संघामागे बेटाबेटांतून सुखाने हिंडावे, हा त्यामागील हेतू होता. भारतीय संघाने या उदात्त योजनेचा लाभ घेतला नाही. त्याचे तिन्ही साखळी सामने त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन या एकाच शहरात झाले आणि त्यांतील दोन हरून तो तेथूनच घरी परतला, त्यामुळे पुढील फेरीची तिकिटे काढून बसलेल्या भारतीय प्रेक्षकांसाठी दहा देशांची दारे सताड उघडी असताना जाण्याचे कारण तेवढे उरले नाही. स्पर्धा संपल्यावर दारे पुन्हा पूर्ववत लावून घेण्यात आली.

याच सुमारास सेंट व्हिन्सेंटने प्रश्नाच्या मुळाशीच हात घालायचे ठरवले. परक्या देशात विमान बदलावे लागते ते आपली धावपट्टी आखूड असल्यामुळे, तेव्हा लांब धावपट्टी बांधली की जोडविमानाची कटकट संपेल, हा युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच होती की त्या ज्वालामुखीजन्य, डोंगराळ बेटावर पावणेतीन किलोमीटर लांबीचा सपाट तुकडा निसर्गाने ठेवलेलाच नव्हता. २००८ मध्ये अटलांटिकच्या बाजूस आर्गाइल येथे काम सुरू झाले. डोंगर कापले गेले, दऱ्या भरल्या गेल्या, नदीवरून धावपट्टी नेण्यात आली, घरे, चर्च आणि दफनभूमी यांचे स्थलांतर झाले, क्यूबा आणि व्हेनेझुएला यांची आणि त्यांच्याशी एरवी फारसे न बोलणाऱ्या तैवानची मदत एकाच मातीत मिसळली गेली, आणि मुदतीमागून मुदती उलटून अखेर १४ फेब्रुवारी २०१७ रोजी २,७४३ मीटर धावपट्टीचा आर्गाइल आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. या खोदकामात आणखी एक गोष्ट उजेडात आली. नेदरलँड्समधील लेडेन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना धावपट्टीच्या परिसरात कालिनागो या मूळ रहिवाशांच्या, युरोपीय संपर्काच्या सुरुवातीच्या काळातील वस्तीचे अवशेष मिळाले, आणि तिच्या काही झोपड्या विमानतळाच्या निकट पुन्हा उभारण्यात आल्या. कालिनागो लोक लाकडी होड्यांतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात असत. त्यांचा वेग कमी होता, परंतु त्यांना बार्बाडोसमध्ये उतरावे लागत नव्हते, आणि सामान त्याच होडीत असे.

मायामी, न्यूयॉर्क आणि टोरंटोहून थेट विमाने आर्गाइलला उतरू लागली, आणि येथे या विवेचनाचा मुख्य सिद्धांत मांडणे क्रमप्राप्त होते. पदार्थविज्ञानात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगितला जातो, म्हणजे ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. तद्वत द्वीपराष्ट्रातील जोडविमानाची एकूण अडचणही स्थिर असते, आणि कितीही डोंगर कापले तरी ती नाहीशी न होता केवळ एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सरकते. आर्गाइलच्या बाबतीत ती बार्बाडोसहून निघाली ती थेट सेंट व्हिन्सेंटवरच येऊन उतरली. कारण असे की, या देशात येणाऱ्या पर्यटकांपैकी पुष्कळांना मुळात मुख्य बेटावर जायचेच नसते. पांढरी वाळू, शिडाच्या नौका आणि लक्षाधीशांचे बंगले ग्रेनेडिन्समध्ये आहेत, आणि ग्रेनेडिन्सला जायचे तर पुन्हा छोटे विमान किंवा बोट आलीच. बेक्वे हे बेट किंग्सटाउनच्या बंदरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर असून तेथे जाणाऱ्या फेरीबोटीला एक तास लागतो. जुना विमानतळ या बंदरापासून हाकेच्या अंतरावर होता. नवा मात्र डोंगरापलीकडे आहे, आणि तेथून वळणावळणाच्या रस्त्याने बंदर गाठायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तासही वाटेत समोरून काही येत नसेल तेव्हाचा. पूर्वी परदेशात हुकणारे विमान आता हुकत नाही हे खरे, पण त्याऐवजी डोळ्यांदेखत धक्का सोडून निघालेली शेवटची बोट स्वदेशातच पाहण्याची सोय झाली आहे.

बोटीऐवजी विमानच धरायचे ठरवले तर प्रवाशाची गाठ ज्या वाहनाशी पडते त्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. ग्रेनेडिन्समध्ये मुख्यत्वे दोन प्रकारची विमाने दिसतात: एकोणीसपर्यंत प्रवासी नेणारे कॅनडात विकसित झालेले ट्विन ऑटर आणि नऊ प्रवासी नेणारे ब्रिटिश बनावटीचे आयलंडर. आयलंडरमध्ये मधून चालण्याची वाट नसते. आसनांच्या रांगा एकीमागे एक असून त्यांच्यात शिरण्यासाठी विमानाच्या अंगाला वेगवेगळी दारे असतात, आणि प्रवासी त्या दारांतून आपापल्या रांगेत कोंबले जातात. वैमानिक एकटा असेल तर त्याच्या शेजारची जागा नवव्या प्रवाशाला मिळते. या आसनावर बसलेल्या माणसाच्या समोर दुसरे सुकाणू असते, त्याला हात लावायचा नाही एवढी एकच सूचना त्याला दिली जाते, आणि संपूर्ण प्रवासभर तो दोन्ही हात काखेत धरून बसतो. मागचे आठजण वैमानिकाच्या खांद्यावरून सगळी घड्याळे वाचत असतात. त्यांतला एखादा काटा थरथरला की आठही कपाळांवर एकाच वेळी आठी उमटते, आणि वैमानिकाने बोटाने त्या काचेवर टिचकी मारली की ती अधिक खोल होते.

अशा विमानात वजनाला जे महत्त्व आहे ते मोठ्या विमानात बसणाऱ्याला सहसा उमगत नाही. विमानाचे एकूण वजन मर्यादेत हवेच, शिवाय ते पुढेमागे योग्य रीतीने विभागलेलेही हवे, म्हणून तिकीटखिडकीवर बॅगांचे आणि प्रसंगी माणसांचेही वजन करण्याची किंवा निदान विचारण्याची पद्धत असते. विचारल्यावर सांगितलेली वजने वधूवरसूचक मंडळात नोंदवलेल्या वयांइतकीच विश्वासार्ह असतात, आणि अनुभवी कर्मचारी ती ऐकून घेऊन, प्रवाशाकडे एक नजर टाकून, कागदावर भलताच आकडा लिहितात. त्यानंतर कोणी कुठे बसायचे हे सांगितले जाते, आणि या वाटपात पैसे, प्रतिष्ठा किंवा खिडकीची हौस यांना स्थान नसते. कारखानदार मागच्या रांगेत आणि त्याचा स्वयंपाकी वैमानिकाशेजारी, ही विभागणी येथे केवळ गुरुत्वमध्याच्या आधारे होते. एवढे करूनही वजन मर्यादेबाहेर गेले तर माणसे नेली जातात आणि बॅगा ठेवल्या जातात. ठेवलेली बॅग 'पुढच्या विमानाने' येते. पुढचे विमान म्हणजे नेमके कोणते, हे विचारणारा प्रवासी नवखा समजला जातो.

हा वरातीमागून घोडे येण्याचा प्रकार केवळ छोट्या विमानांपुरता किंवा साध्या प्रवाशांपुरता मर्यादित नाही, याचा पुरावा क्रिकेटच्या इतिहासात नोंदलेला आहे. १ ऑगस्ट २०२२ रोजी सेंट किट्स या दुसऱ्या एका कॅरिबियन बेटावर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील टी-ट्वेंटी सामना भारतीय वेळेनुसार रात्री आठला सुरू व्हायचा होता, परंतु संघांचे सामान त्रिनिदादहून वेळेवर पोहोचले नाही म्हणून तो आधी दहाला आणि मग अकराला ढकलण्यात आला. म्हणजे खेळाडू, पंच, प्रेक्षक, खेळपट्टी आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे असा सगळा सरंजाम हजर होता, आणि वाट पाहिली जात होती ती बॅटी आणि पॅडे यांची. तीन तासांनी ती आली, रोहित शर्मा डाव सुरू करायला उतरला आणि सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद होऊन परतला. म्हणजे ज्या बॅटीसाठी उपखंड अकरापर्यंत जागा राहिला तिचा कर्णधाराला प्रत्यक्ष उपयोग एका चेंडूपुरता झाला. तो चेंडू टाकणारा आणि त्या दिवशी १७ धावांत ६ बळी घेणारा ओबेद मॅकॉय हा सेंट व्हिन्सेंटचा होता. ज्या बेटावरच्या लोकांनी पिढ्यानुपिढ्या सामानाची वाट पाहिली आहे, त्या बेटाच्या सुपुत्राला ताटकळल्यानंतर चित्त स्थिर ठेवणे इतरांपेक्षा सोपे गेले असावे, असे अनुमान निघते. ते सिद्ध करण्याइतकी साधने उपलब्ध नाहीत.

वजनानंतरचा दुसरा अधिकारी सूर्य होय. मस्टीकसारख्या छोट्या धावपट्ट्यांवर विमाने दिवसाउजेडीच उतरतात, आणि तेरा अंश उत्तर अक्षांशावर सूर्य वर्षभर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, तोही संधिकाल फारसा न रेंगाळवता. परिणामी दुपारी आर्गाइलला उतरणारे परदेशी विमान दीड-दोन तास उशिरा आले, तर पुढचा प्रवासी कितीही वेगाने इमिग्रेशनच्या रांगेतून सुटला तरी त्याला विमान मिळते, वैमानिक मिळतो, धावपट्टीही जागेवर असते, फक्त तिच्यावर प्रकाश नसतो. त्यात घड्याळांचा एक खोडसाळपणा आहे. सेंट व्हिन्सेंटमध्ये वर्षभर एकच वेळ पाळली जाते, तर अमेरिकेत ती ऋतूनुसार पुढेमागे केली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात मायामी आणि सेंट व्हिन्सेंट यांची घड्याळे जुळतात आणि हिवाळ्यात त्यांत एका तासाचा फरक पडतो. पर्यटक नेमका हिवाळ्यात येतो, मायामीची वेळ मनगटावर बांधून येतो, आणि आपल्या हाती अजून एक तास आहे या समाधानात शांतपणे कॉफी पीत असताना त्याचे जोडविमान डोक्यावरून निघून जाते.

बेटागणिक या क्रियेचा थाट बदलतो. मस्टीक हे पावणेसहा चौरस किलोमीटरचे खासगी बेट असून राजकन्या मार्गारेट यांना तेथे लग्नाच्या भेटीदाखल जमीन मिळाल्यापासून त्याची ख्याती पसरली. तेथील धावपट्टी १९६९ पासून वापरात आहे, आणि ज्यांच्या मालकीची विमाने आहेत असे धनिकही शेवटच्या टप्प्यासाठी ट्विन ऑटरमध्येच बसतात, कारण त्यांची जेट विमाने त्या धावपट्टीवर मावत नाहीत. पैशाने समानता आणता येत नाही असे म्हणतात. आखूड धावपट्टीने ती येते. शेजारच्या कॅनोअनने ही समानता फार काळ चालू दिली नाही, आणि २००८ मध्ये आपली धावपट्टी सुमारे अठराशे मीटरपर्यंत वाढवून खासगी जेटची सोय करून टाकली. बेक्वेचा विमानतळ १९९२ चा असून त्याची धावपट्टी काही अंशी समुद्र बुजवून काढलेली आहे, तेथे गर्दी नाही, आणि तेथील लोक अजूनही बोटीलाच पसंती देतात, कारण बोट वजन विचारत नाही.

या जाळ्यातील दोन बिंदू कधी खोळंबा न होता जोडले गेलेच नाहीत असे मात्र नाही. ९ एप्रिल २०२१ रोजी सेंट व्हिन्सेंटच्या उत्तरेकडील ला सूफ्रिएर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, हजारो लोकांना घरे सोडावी लागली, आर्गाइलचा विमानतळ बंद झाला, आणि पाठोपाठ सुमारे १८० किलोमीटर पूर्वेस असलेल्या बार्बाडोसचाही बंद करावा लागला. खालच्या थरातील व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असले तरी वरच्या थरांतील वारे उलट दिशेने वाहतात, म्हणून राख उंच गेली की ती हमखास बार्बाडोसवर उतरते. १८१२ च्या उद्रेकातही ती तशीच उतरली होती, तेव्हा तेथे विमानतळ नव्हता आणि रद्द करण्यासारखे काही नव्हते. सेंट व्हिन्सेंटहून बार्बाडोसला कसलाही टप्पा न घेता, सुरक्षातपासणी न करता आणि संपूर्ण सामानानिशी पोहोचलेली वस्तू म्हणून या राखेची नोंद करावी लागते.

अक्षय्य तत्त्वाची सर्वांत व्यापक प्रचीती २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाने आणून दिली. आर्नोस व्हेलच्या मैदानावर बांगलादेशाला हरवून उपांत्य फेरीत पोहोचलेल्या अफगाणिस्तानच्या संघाला सेंट व्हिन्सेंटहून त्रिनिदादला नेणारे विमान कित्येक तास उशिरा निघाले, आणि उपांत्य सामन्यात तो संघ ५६ धावांत गारद झाला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे दक्षिण आफ्रिकेच्या गोलंदाजांवर अन्याय करणारे होईल. २९ जूनला बार्बाडोसमध्ये भारताने विश्वचषक जिंकला, आणि दोनच दिवसांत बेरिल हे चक्रीवादळ त्या भागातून गेले. ग्रेनेडिन्समधील युनियन बेटावर त्याने केलेला विध्वंस थट्टेचा विषय नाही, तेथील सुमारे नव्वद टक्के घरे मोडली किंवा नष्ट झाली, आणि छोट्या विमानतळाचे महत्त्व काय असते ते मदत पोहोचवताना सगळ्यांना दिसले. बार्बाडोसमध्ये नुकसान त्या मानाने मर्यादित होते, पण विमानतळ बंद राहिल्याने जगज्जेता संघ, करंडक आणि सोबतचे पत्रकार हॉटेलातच अडकले, आणि ज्या शहरात मरीन ड्राइव्हवर त्यांच्या मिरवणुकीची वाट पाहिली जात होती तेथील लोकांना आयुष्यात प्रथमच ग्रँटली अॅडम्स विमानतळाच्या वेळापत्रकात रस निर्माण झाला. अखेर एक विशेष विमान पाठवून संघाला ४ जुलैच्या सकाळी दिल्लीत आणण्यात आले. हे विमान मुळात न्यूअर्कहून दिल्लीला जाणार होते. ते बार्बाडोसकडे वळवल्यामुळे न्यूअर्कला तिकिटे काढून बसलेल्या काही प्रवाशांचा खोळंबा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीकडे त्याविषयी अहवाल मागितला.